साडेबाराची घंटा

मार्थाबाईंच्या घरात दोन घड्याळं होती. एक बरोबर चालायचं. दुसरं बरोबर तासभर पुढं असायचं, आणि ते कुणी मागं केलेलं त्यांना खपत नसे.

कुणी वेळ सांगितली की त्या विचारायच्या, "जुना की नवा?" आणि विचारून झालं की स्वतःच हसायच्या.

जेवायला बोलावताना त्या हाक मारत नसत. पेल्यावर चमचा तीनदा वाजवत. घरात एकट्या असल्या तरी वाजवत.

उन्हातून चालताना त्यांची नजर पायांपाशी असे. साप-विंचवाच्या भीतीनं नव्हे. आपली सावली किती लांब पडलीय, ते बघायला.

महिन्याच्या पंधरा तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, त्या अंगणातल्या दोरीच्या खांबाला हात लावून उभ्या राहत. पाऊस असला तर छत्री घेऊन उभ्या राहत. शेजारणी म्हणत, मार्थाबाई प्रार्थना करतात. त्या प्रार्थना करत नसत.

आणि खिडकीत एक काळा दगड होता. चपटा, चानकीएवढा, म्हणजे लहान भाकरीएवढा. झाडताना तो उचलायचा, खाली पुसायचं, परत तिथंच ठेवायचा. फेकायचा नाही.

नगरमधल्या त्या गल्लीत तीस वर्षं लोकांनी हे सगळं बघितलं आणि म्हातारपणाच्या खोडी म्हणून सोडून दिलं. पण या खोडी म्हातारपणाच्या नव्हत्या. त्या लागल्या तेव्हा मार्थाबाईंना तेरावं चालू होतं, त्यांना बाई कुणी म्हणत नव्हतं, आणि जगात लढाई पेटली होती.

टाकेवाडी काष्टीपासून दीड कोसावर. तीस-पस्तीस घरं, त्यांतली सात ख्रिस्ती. मिशनची एक खोलीची शाळा होती. रविवारी फळा भिंतीकडं फिरवला की त्याच खोलीत उपासना व्हायची. याकोब मास्तर सहा दिवस शिकवायचे आणि सातव्या दिवशी उपदेश करायचे. मार्था त्यांची थोरली.

शाळेच्या दारासमोर, दक्षिणेला, दोन पुरुष उंचीचा सागवानी खांब रोवला होता. त्याच्या आडव्या हाताला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगला होता. हीच शाळेची घंटा. नऊ वर्षांची असल्यापासून ती मार्थाच वाजवायची. तिचा हात नेमका बसायचा. टोला काष्टीच्या वाटेवरच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायचा.

शाळेत भिंतीवरचं घड्याळ होतं. पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. मास्तर शनिवारी काष्टीच्या बाजाराला गेले की स्टेशनवरची वेळ बघून यायचे आणि घरी आल्यावर काटा सारखा करायचे. आठवड्याला ते तीन मिनिटं मागं पडायचं. मार्थाला ते पाठ होतं.

आता शाळेच्या घंटेचा आणि विहिरीचा काय संबंध? टाकेवाडीत होता.

गावाच्या खालच्या अंगाला एक सामाईक विहीर होती. निम्मी कारभारी पाटलाची, निम्मी शेजारच्या रानातल्या गोरक्षनाथाची. मोट एकच चालायची. सकाळची पाळी गोरक्षनाथाची, दुपारनंतरची कारभारीची. पूर्वी पाळी बदलायची ती सावलीवर. सावली पायात आली की मोट सोडायची. पण पायात आली म्हणजे किती आली? एक म्हणायचा आली, दुसरा म्हणायचा अजून चार बोटं आहे. एका उन्हाळ्यात त्या चार बोटांवरून गोरक्षनाथानं कारभारीच्या कपाळावर चाबकाचा दांडा घातला. कारभारी वाचला. गोरक्षनाथ सहा महिने तुरुंगात जाऊन आला.

तो आल्यावर पंच बसले. ठरलं असं: तांबडं फुटल्यापासून शाळेच्या साडेबाराच्या घंटेपर्यंत गोरक्षनाथाची पाळी. घंटेपासून दिवस मावळेपर्यंत कारभारीची. आणि घंटेपुढं कुणी बोलायचं नाही. दोघांनी कानिफनाथाच्या पायरीवर बेलभंडारा उचलून शपथ घेतली. त्या वेळी साडेबाराला सूर्य नेमका डोक्यावर असायचा, त्यामुळं सावली आणि घंटा एकाच मापाच्या होत्या. भांडायला जागाच उरली नाही.

पुढं गोरक्षनाथ तापानं गेला. त्याची बायको लंकाबाई स्वतः मोट हाकू लागली. बाईमाणसानं मोट हाकायची म्हणून आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. मोटेवर गडी गाणी म्हणतात. लंकाबाई गाणी म्हणत नसे, बैलांना बोलायची. "चल माज्या राजा, चल. तुला काय घाई हाय, लगीन लागायचंय व्हय तुजं?" शाळेत गणितं सोडवताना पोरांना ते ऐकू यायचं आणि मास्तरांसकट सगळे हसायचे.

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये बाजारातून रोज नवी बातमी यायची. नगरच्या किल्ल्यात देशातले मोठमोठे लोक आणून कोंडलेत. कुठं तारा तोडल्यात. काष्टी स्टेशनावरून लष्कराच्या गाड्या न थांबता जातात. रॉकेल मिळत नव्हतं. आणि महिनाअखेरीस मिशनचं पत्र आलं. मास्तरांनी ते रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. लढाईसाठी सरकारनं हुकूम काढलाय. एक सप्टेंबरपासून देशातली सगळी घड्याळं तासभर पुढं करायची. शाळा नव्या टाइमानं भरतील.

कारभारी पाटील ख्रिस्ती नव्हता, पण पत्र वाचायचं असलं की दाराशी येऊन उभा राहायचा. तो म्हणाला, "मास्तर, सूर्याला पन धाडलीय का नोटीस?"

लोक हसले. मास्तरही हसले.

काटा फिरवायचं काम मार्थाकडं आलं. ती स्टुलावर चढली. काच उघडली. मोठा काटा तिनं बोटानं एक पुरा वेढा फिरवला. मधे ठोका वाजला, तेवढा वाजू दिला.

"बाबा, मधला एक तास कुठं गेला?"

"कुठं जाणार? सरकारनं उसना घेतलाय."

"परत कधी देणार?"

"लढाई संपली की."

"आणि घेतला कुणाकडून?"

मास्तरांनी वहीतून डोकं वर केलं. "सगळ्यांकडून. उतर खाली. काच फुटेल."

मार्था उतरली. पण उत्तर तिला पटलं नाही. उसनं घ्यायचं म्हणजे कुणाच्या तरी घरातून जातं.

दसऱ्यापर्यंत पाऊसपाणी होतं. विहिरीची गरज पडली नाही. दिवाळीनंतर मोट सुरू झाली. लंकाबाईनं अर्ध्या एकरात गहू केला होता. त्या साली बाजारात धान्य दिसत नव्हतं, म्हणून तिनं कांदा सोडून गहू धरला. छबू तिची एकुलती एक. मार्थापेक्षा तीन वर्षांनी लहान. सकाळी शाळेत यायची.

डिसेंबरात छबू यायची थांबली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मास्तर हजेरी घेताना तिचं नाव घेऊन थांबायचे आणि पुढं जायचे. मार्थाला राहवेना. कुणी आजारी असलं तर गावात कळतं. कुणी गावाला गेलं तरी कळतं. हे काहीच कळलं नव्हतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ती खालच्या अंगाला गेली. विहिरीवर कारभारीची मोट चालली होती. लंकाबाईच्या रानात छबू होती. डोक्यावर घागर, चुंबळ भिजून कपाळावर ओघळलेली. ओढ्यातून पाणी आणून ती गव्हाच्या शेवटच्या वाफ्यांत ओतत होती. वरचे वाफे हिरवे होते. शेवटचे तीन पिवळे पडायला लागले होते.

"अगं, हे काय?"

"पानी पुरत न्हाई," छबू म्हणाली. "आई म्हनती, शेवटच्या तीन वाफ्यांपतूर पानी पोचायच्या आत घंटा हुती."

"बैल थकले का?"

"न्हाई."

"मोट गळती का?"

"न्हाई गं. तूच की वाजवतीस लवकर," छबू हसत म्हणाली, आणि परत ओढ्याकडं निघाली.

ती चेष्टेत बोलली होती. मार्था मात्र तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजवताना तिनं पहिल्यांदाच वर न बघता खाली बघितलं. लहान असताना घंटा देऊन झाली की ती खांबाच्या सावलीवरून उड्या मारत शाळेच्या उंबऱ्यापर्यंत जायची. सावली सरळ उंबऱ्याकडं जायची म्हणून. आज सावली उंबऱ्याकडं नव्हती. ती तिरकी होऊन लिंबाच्या झाडाकडं गेली होती. मार्था पोरांच्यात जेवायला गेली नाही. ती तिथंच बसून राहिली. सावली हळूहळू सरकली. उंबऱ्याच्या रेषेत आली तेव्हा शाळेतलं घड्याळ दीड दाखवत होतं.

मग तिला सगळं दिसलं. लंकाबाईची पाळी सुरू होते ती तांबडं फुटल्यावर. तांबडं सरकारचं ऐकत नाही. ती संपते घंटेवर. घंटा सरकारचं ऐकते. एक टोक सूर्याला बांधलेलं, दुसरं घड्याळाला. कारभारीचं उलटं. घंटा लवकर झाली, दिवस मात्र आपल्या वेळेला मावळतो. म्हणजे सरकारनं तास घेतला तो कुणाकडून, ते कळलं. लंकामावशीकडून. आणि काटा फिरवला होता मार्थानं.

तिनं बाबांना सांगितलं. मास्तरांनी वही मिटली.

"घंटा शाळेची आहे," ते म्हणाले. "पाण्याची नाही."

"पण पाणी तिच्यावर चालतं."

"इन्स्पेक्टर आले आणि शाळेची घंटा जुन्या टाइमानं वाजली, तर मी काय सांगू?"

"मग दोन वाजवू?"

"दोन वाजवल्या की लोक विचारतील, खरी कुठली? आज त्या एका घंटेवर दोन घरं गप्प आहेत, मार्था. कारभारीचं कपाळ बघितलंस ना?" मग म्हणाले, "आणि लंकाबाई काही बोलली का? तिची तक्रार आहे का?"

लंकाबाई काहीच बोलली नव्हती. मार्थाला तेच कोडं होतं. जिला सूर्याखाली राबायचं तिला दुपार कळत नाही?

संक्रांतीला ती लंकाबाईकडं तिळगूळ घ्यायला गेली. दर वर्षी जायची. लंकाबाईनं तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

"घे. गोड बोल. तशी तू बोलतीस कमी, इचारतीसच जास्त."

"मावशी, घंटा तासभर आधी होती."

लंकाबाईनं ताटलीवर फडकं टाकलं. "व्हय."

"तुम्हाला माहीत आहे?"

"पैल्या दिशीच कळलं. माजी सावली मला कळंना व्हय? बैलांना पन कळलं. मोट सोडली तर जागचे हालंनात. म्हनले आसतील, ही म्हातारी आज लवकर का दमली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलू कुनाला?"

"बाबांना. मला. कारभारीकाकांना."

लंकाबाई हसली, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. "आमच्या घरच्यानं घंटेपुढं बोलायचं न्हाई म्हनून बेल उचलला. सावलीवरनं बोलला, तवा सा महिनं आत बसला. मी इथं दारात बसून भाकरीला म्हाग झाले. आता मी सावलीचं नाव काढू? तीन वाफं गेलं तर तीन वाफं गेलं. शबूद जायचा न्हाई."

"पण छबू शाळेत येत नाही."

लंकाबाईनं आणखी एक लाडू मार्थाच्या हातावर ठेवला. "हा मास्तरला. आन हे बघ पोरी. आमी घंटेपुढं बोलायचं न्हाई, आसं ठरलंय. घंटा वाजवनाऱ्यानं बोलायचं न्हाई, आसं कुनी म्हनलेलं न्हाई."

ती एवढंच बोलली आणि बैलांना चारा टाकायला उठली.

पंधरा जानेवारी, शुक्रवार. घड्याळात साडेबारा झाले. मार्था खांबापाशी गेली. हातोडी घेतली. आणि वाजवली नाही.

पोरं दारातून बघत होती. पोटात कावळे ओरडत होते. पाच मिनिटं गेली. मास्तर बाहेर आले.

"मार्था, साडेबारा झाले."

"हो, बाबा."

"मग?"

"सावली अजून यायचीय."

मास्तरांनी हात पुढं केला. "हातोडी दे."

तिनं हातोडी पाठीमागं धरली. आयुष्यात पहिल्यांदा. मास्तर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खाली सावलीकडं बघितलं. विहिरीकडून लंकाबाईचा आवाज येत होता, "चल माज्या राजा." मास्तरांनी हात मागं घेतला, दाराकडं वळले आणि पोरांना म्हणाले, "सुट्टी. जा, भाकरी खाऊन या."

घंटेशिवाय सुट्टी झाली. टाकेवाडीच्या शाळेत हे कधी घडलं नव्हतं.

तेवढ्यात वाटेवर कारभारी दिसला. तो विहिरीवर बैल घेऊन कधीचा उभा होता. पोरं सुटलेली बघून तावातावानं वर आला.

"मास्तर, पोरं सुटली आन घंटा कुटंय?"

मास्तर म्हणाले, "ते हिला विचारा."

कारभारी मार्थाकडं वळला. "काय गं? हात मोडला का?"

"नाही, काका."

"मंग वाजव की."

"सावली उंबऱ्याला आली की वाजवते."

सावली हा शब्द ऐकला आणि कारभारीचा हात आपसूक कपाळावरच्या खुणेवर गेला. "तू मास्तरची लेक का लंकीची? तिनं पढवलं हे तुला?"

"त्या घंटेपुढं बोलत नाहीत. त्यांनी शब्द दिलाय. तुम्हीही दिलाय."

"मी कुटं घंटेपुढं बोलतोय? घंटा हायच कुटं? न वाजलेल्या घंटेपुढं बोलाय कुनी बंदी केली न्हाई!"

मास्तरांना हसू आवरलं नाही. कारभारीला आपण काय बोललो ते कळलं आणि तो आणखी चिडला. "तास सरकारनं दिला. मी चोरला का?"

"नाही," मार्था म्हणाली. "पण तुम्हाला मिळाला तो त्यांचा होता. काटा मी फिरवला, काका. माझी चूक झाली. मला तेव्हा कळलं नाही."

कारभारी शहाणा माणूस होता. तेरा वर्षांची पोर आपली चूक म्हणून उभी राहिली, तर तिच्याशी भांडायचं कसं? तो लिंबाखाली जाऊन बसला. पटका काढून गुडघ्यावर ठेवला. पोरं भाकरी खाऊन आली आणि लांब गोल करून उभी राहिली. पाऊण तास सगळं गाव एका सावलीकडं बघत होतं.

सावली उंबऱ्याला लागली. मार्थानं तीन टोले दिले. खाली लंकाबाईची मोट थांबली.

कारभारी उठला. जाताना सावलीच्या टोकापाशी थांबला.

"ऐक. मला पुन्ना सावलीवर यायचं न्हाई. एकदा आलो, त्याची ही खून," त्यानं कपाळ दाखवलं. "तुजं आज खरं हाय, म्हनून मी गप. पन उद्या तू नांदाया जाशील. मास्तरची बदली हुईल. परवा सरकार दोन तास पुढं करंल. मंग कोन सांगनार दुपार झाली म्हनून? काय तरी पक्की खून कर. कुनी बी बघावी आन कुनी बी भांडू नये."

त्यानं वाकून एक काळा चपटा दगड उचलला आणि तिच्या हातात दिला. मार्थानं तो सावलीच्या टोकावर ठेवला.

त्या दिवसापासून शाळेला उपासनेची पितळी घंटी आणि पाण्याला रूळ, अशी वाटणी झाली. इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांना पितळी घंटी ऐकवली. रूळ कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, शेतकीसाठी. ते खोटं नव्हतं. छबू फेब्रुवारीत शाळेत आली. तीन वाफ्यांतले दोन सावरले. एक गेला तो गेला.

पण दगडाचं काम संपलं नाही. पंधरा फेब्रुवारीला, नव्या टाइमाच्या दीडला, मार्थानं सावली बघितली, तर ती दगडापर्यंत पोचतच नव्हती. आखडली होती. आणि थोडी एका अंगाला सरली होती. तिनं दुसरा दगड ठेवला. मार्चात तिसरा. एप्रिलात चौथा, खांबाच्या अगदी जवळ. मे महिन्याच्या पंधरा तारखेला सावलीच नव्हती! खांब उन्हात उभा आणि त्याची सावली नाही. मार्था खांबाभोवती तीनदा फिरली. मग बुंध्याला टेकवून दगड ठेवला. जूनमध्ये ढगांतून घटकाभर ऊन पडलं, तेव्हा सावली पलीकडं, दक्षिणेला पडली होती. तिनं धावत जाऊन लंकाबाईला बोलावून आणलं. लंकाबाई बघून म्हणाली, "ही तर माहेराला गेली."

दगड एका रेषेत येतील असं तिला वाटलं होतं. ते येत नव्हते. आधी एका अंगाला, मग दुसऱ्या. मास्तर म्हणाले, घड्याळ चुकतंय. पण पुढच्या वर्षी त्याच तारखांना सावली त्याच दगडांवर आली. चुकणारं घड्याळ दोन वर्षं सारखंच कसं चुकेल? तिनं काष्टीच्या स्टेशनमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी, गाडी कधी येते ते विचार." रविवारी आलेल्या मिशनच्या साहेबांना विचारलं. ते खाली बसून दगड बघत राहिले, टोपी काढली, आणि त्यांनाही सांगता आलं नाही.

जुलैचा दगड चव्वेचाळीसमध्ये बसला. अकरा झाले. आता आकार दिसू लागला. उत्तरेकडं मोठं पोट, मग एक तिढा, आणि खांबापाशी लहानसं शेपूट. पोरं म्हणायची, मार्थीचा मासा. शेपूट मात्र एका अंगानं उघडं होतं. तिथं ऑगस्टचा दगड हवा होता.

ऑगस्टच्या पंधरा तारखेला टाकेवाडीवर ऊन पडत नाही. त्रेचाळीसला पाऊस. चव्वेचाळीसला ढग. पंचेचाळीसलाही ढग. त्या आठवड्यात लढाई संपल्याची बातमी आली. ऑक्टोबरात मार्थानं स्टुलावर न चढता, उभ्यानंच, काटा परत मागं घेतला. आता तिचा हात पोचत होता. सरकारनं तास परत केला. सगळ्यांना केला, फक्त तो एक वाफा कुणी परत केला नाही.

पाळी पुन्हा एकाच घंटेवर आली. दगडांची कुणाला गरज उरली नाही. कारभारी मात्र पेरणीच्या घाईतही विचारायचा, "बारावा बसला का?" मार्था नगरला मास्तरीण व्हायला शिकत होती. सेहेचाळीसच्या ऑगस्टमध्ये ती मुद्दाम दोन दिवस गावी आली आणि छत्री घेऊन खांबापाशी उभी राहून गेली.

मग सत्तेचाळीस आला. पंधरा ऑगस्टला सगळीकडं सुट्टी. मार्था आदल्या दिवशी काष्टीच्या गाडीनं आली. अठरावं चालू. नवं नऊवारी. पिशवीत बारावा दगड. तो कारभारीनंच ओढ्यातून आणून घरी ठेवला होता, पहिल्याच्या जोडीचा. मागल्या खेपेला तिनं तो नगरला नेला होता.

सकाळी गावानं झेंडा लावला. उंच जागा एकच होती. घंटेच्या खांबाला वर वेळू बांधला आणि त्याला झेंडा चढवला. वेळू बांधायला कारभारीच वर चढला. लंकाबाईनं खालून बजावलं, "संभाळून. कपाळ एकच हाय." दोघंही हसले. मार्थानं त्या दोघांना एकत्र हसताना पहिल्यांदाच बघितलं.

बारा वाजले. ढग होतेच. सव्वाबाराला ते फाटले. सगळं रान एकदम उजळलं. मार्था दगड घेऊन धावली.

साडेबारा. सूर्य जवळजवळ डोक्यावर. खांबाची सावली बुंध्यापाशी वीतभर असायला हवी होती. पण वर झेंडा होता. त्याची सावली नेमकी बुंध्यावर पडली होती आणि वाऱ्यानं हलत होती. खांबाचं टोक कुठं आणि झेंड्याची कड कुठं, काही कळत नव्हतं. वेळूमुळं खांबही त्या दिवशी आपल्या उंचीचा नव्हता.

मार्था वाकून बघत राहिली. छबू आली. लंकाबाई आली. कारभारी आला. त्यानं एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"काढू का?" तो म्हणाला. "दोन मिनटं. तुजा दगड बसू दे. कुनी काय म्हननार न्हाई. म्हनलं तर मी हाय."

पोरं झेंड्याखाली उड्या मारत होती. लंकाबाई तोंडाला पदर लावून वर बघत होती.

मार्थानं दगड पिशवीत टाकला.

"राहू द्या, काका. पुढच्या वर्षी ठेवीन."

मग तिनं साडेबाराची घंटा दिली. तीन टोले.

पुढच्या जूनमध्ये मास्तरांची बदली झाली. पावसाळ्यात, ऑगस्ट यायच्या आतच, खांब मुळाशी कुजून पडला. रूळ कुणी तरी विळे करायला नेला.